झोपडपट्टीतलं पाणी आणि संडास: महापालिकेला वगळून हे जमणार नाही

पाण्याचा किंवा संडासचा विषय निघाला की थोड्या वेळात कोणीतरी म्हणतंच, महापालिकेकडून काही होणार नाही, त्यापेक्षा एखादी संस्था बघा, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी काढलेला पैसा बघा, नाहीतर सरळ खासगी कंपनीला देऊन टाका. बोलणारा माणूस वाईट नसतो, त्याला खरंच काहीतरी व्हावं असं वाटत असतं. पण मला हे म्हणणं मुळातच चुकीचं वाटतं, आणि यात गरिबाचं जेवढं नुकसान होतं तेवढं इतर कोणाचं होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

महापालिकेचं पाणी कमी आलं तर आपल्यासारखे लोक काय करतात? सोसायटी टँकर मागवते, बोअर मारते, गच्चीवर टाकी असते, घरात आरओ असतो. म्हणजे व्यवस्था बिघडली तरी आपला दिवस निघतो, आणि दिवस निघतो म्हणूनच आपण भांडत नाही. मुंबईत गोवंडीच्या किंवा मालवणीच्या झोपडपट्टीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत टाकी ठेवायला जागा नाही, बोअर मारायला जमीन स्वतःची नाही, आणि टँकरचा पैसा एकरकमी भरायला सोसायटी नाही. नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर ड्रम घेऊन बाहेर पडायचं. सरकार सोडून दुसरा पर्याय ज्याच्याकडे अजिबात नाही असा माणूस तोच, त्यामुळे सरकारी व्यवस्था दुरुस्त करण्याला त्याच्यासाठी पर्याय नाही.

मुंबईचंच उदाहरण घेतो कारण इथे पाणी नाही असं कोणी म्हणू शकत नाही. भातसा, तानसा, मोडकसागर, दोन वैतरणा, विहार, तुळशी मिळून रोज साधारण ३९० कोटी लिटर पाणी शहरात येतं. दीड कोटी लोक धरले तरी डोई अडीचशे लिटरच्या वर जातं. (आणि हे पाणी कुठून येतं तेही लक्षात ठेवायला हवं, तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, तो एक वेगळा आणि मोठा अन्याय आहे.) एवढं पाणी असताना महापालिकेने वर्षानुवर्षं झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटर आणि इमारतींसाठी १३५ लिटर असा हिशोब धरला. म्हणजे गरिबाला तहान कमी लागते, त्याचे कपडे कमी मळतात असं कुठेतरी कागदावर गृहीत धरलंय. आणि हे ४५ तरी कोणाला, तर ज्याचं कनेक्शन अधिकृत आहे त्याला.

ज्याचं अधिकृत नाही त्याची गोष्ट रे रोडजवळच्या कौला बंदरची. बंदराच्या जमिनीवर, म्हणजे केंद्र सरकारच्या जागेवर वसलेली वस्ती, त्यामुळे महापालिकेचा नळ नव्हता. लोक मोटर लावून लांबच लांब पाइपने येणारं पाणी विकत घ्यायचे. पुकार या संस्थेच्या अभ्यासकांनी तिथे घरोघरी जाऊन हिशोब मांडला, तो २०१३ ला प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की महापालिकेचा दर हजार लिटरला सव्वादोन रुपये असताना तिथली कुटुंबं त्याच्या ५२ पट ते २०६ पट पैसे मोजत होती, आणि एवढे पैसे देऊनही वर्षातल्या काही मोसमात ९५ टक्के घरांना माणशी ५० लिटरसुद्धा पाणी मिळत नव्हतं. हे आकडे मी अनेकांना सांगितलेत आणि प्रत्येक वेळी समोरचा गप्प होतो, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात "झोपडपट्टीवाल्यांना सगळं फुकट पाहिजे असतं" हे इतकं घट्ट बसलंय. फुकट कोणी मागत नाहीये. ते आधीच आपल्यापेक्षा कितीतरी जास्त देतायत, फक्त तो पैसा महापालिकेच्या तिजोरीत न जाता मोटरवाल्याकडे आणि टँकरवाल्याकडे जातोय.

आता याच्यावर कोर्टात लढाई झाली. राज्य सरकारचं १९९६ चं परिपत्रक होतं, सरकारने ठरवलेल्या कट ऑफ तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही असं. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणारी पाणी हक्क समिती हायकोर्टात गेली आणि १५ डिसेंबर २०१४ ला न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं. दर वेगळा लावा, पद्धत वेगळी ठेवा, पण पाणी द्या. माझ्या मते या राज्यात गरिबांच्या बाजूने लागलेल्या सगळ्यात मोठ्या निकालांपैकी हा एक आहे आणि बहुतेक लोकांना तो माहीतसुद्धा नाही.

पण निकाल लागला आणि नळ आले असं झालं का? नाही. महापालिकेने नंतर धोरण केलं त्यात अपवादच इतके, फुटपाथ, खासगी जमीन, केंद्राच्या जागेला त्या खात्याची एनओसी, की ज्यांच्यासाठी भांडण केलं त्यातलेच खूप जण परत बाहेर राहिले. मग मे २०२२ मध्ये "सर्वांसाठी पाणी" धोरण आलं, ते कागदावर बरंच चांगलं आहे. तरीही प्रत्यक्षात काय होतं, आधी घरांचा गट करा, कागद गोळा करा, सेक्रेटरी ठरवा, लायसनवाला प्लंबर पकडा, वॉर्ड ऑफिसला खेपा घाला, मुख्य लाइन लांब असेल तर स्वतःच्या खर्चाने पाइप ओढा, आणि एवढं करून नळ बसला तरी प्रेशर नाही कारण वस्ती टेकडीवर आहे किंवा लाइनच्या शेवटच्या टोकाला आहे. कोर्ट हक्क देऊ शकतं, पाइपलाइन टाकायला इंजिनिअर लागतो, नकाशा लागतो, पंप लागतो, रोज ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला लागतो आणि तक्रार आली की त्याच दिवशी जाणारी गँग लागते. हे सगळं फक्त महापालिकेकडे आहे, आणि तिथेच ते दिवसेंदिवस कमी कमी होत चाललंय. पदं रिकामी, कामं कंत्राटावर, जुना माणूस रिटायर झाला की कुठली लाइन कुठून गेलीय हे त्याच्या डोक्यातलं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

म्हणून माझं म्हणणं आहे की मदत करायचीच असेल, मग ती वर्ल्ड बँकेची असो, टाटा-बिर्लांची असो, एनजीओची असो की आपल्यासारख्या नागरिकांची, तर ती महापालिकेला हे काम जमावं म्हणून करा, महापालिकेच्या जागी उभं राहून करू नका.

संडासचं बघा म्हणजे हे जास्त स्पष्ट होईल. सीएसआरवाल्यांना संडास बांधायला आवडतं. उद्घाटन होतं, फोटो येतो, बोर्डावर कंपनीचं नाव येतं. दोन वर्षांनी तिथे गेलात तर दार तुटलेलं, पाणी नाही, लाइट नाही, टाकी भरून वाहतेय, आणि बायका परत अंधार पडायची वाट बघतायत. मग दोष कोणाला, तर लोकांना वापरायची अक्कल नाही. अहो, टाकी उपसायला गाडी कोण पाठवणार हे ठरलंच नव्हतं, पाण्याचं कनेक्शन कमर्शियल दराने लागलं, वीजबिल कोणी भरायचं यावर वर्षभर पत्रव्यवहार झाला. जे बांधलं ते कोणाच्याच रजिस्टरमध्ये नाही, त्यामुळे दुरुस्ती कोणाचंच काम नाही.

आणि हे फक्त घाणीपुरतं राहत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये मानखुर्दला सार्वजनिक शौचालयाची जमीन खचून माणसं खाली टाकीत पडली आणि तिघांचा जीव गेला. सकाळी संडासला जाणं, यात जीव जातो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राचा सगळा शहरी भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. स्वच्छ भारतच्या नियमाप्रमाणे सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट हवी. प्रजा फाउंडेशन या संस्थेने २०२३ चे मुंबईचे आकडे काढले तर एका सीटमागे ८६ पुरुष आणि ८१ महिला. सकाळच्या दोन-तीन तासात सगळ्यांनाच कामावर जायचं असतं, शाळा असते. ८१ बायका एका सीटला, एकीला पाच मिनिटं धरली तरी पावणेसात तास होतात. म्हणून बायका पाणी कमी पितात, रात्रीचं जेवण कमी करतात, लघवीला दाबून धरतात आणि इन्फेक्शन घेऊन जगतात. मुंबईत राईट टू पी, म्हणजे बायकांसाठी सार्वजनिक मुताऱ्या मागणाऱ्या चळवळीतल्या बायकांनी या गोष्टी २०११ पासून उघडपणे बोलायला सुरुवात केली तेव्हा लोकांना अवघडल्यासारखं झालं होतं, पण त्यांनी बोलायची हिंमत केली नसती तर बजेटमध्ये ही ओळसुद्धा आली नसती.

पण चांगलं झालेलंच नाही असं नाही, आणि जिथे झालं तिथे कसं झालं ते बघण्यासारखं आहे. १९९९ ते २००१ या काळात पुण्यात रत्नाकर गायकवाड आयुक्त होते. त्यांनी झोपडपट्ट्यांमधल्या संडासांचा कार्यक्रम हातात घेतला. भांडवली खर्च महापालिकेचा, आणि डिझाइन, बांधकाम, वस्तीशी बोलणं, पुढची देखभाल हे स्पार्क, शेल्टर असोसिएट्स अशा संस्थांनी निविदा भरून घेतलं. दर आठवड्याला बैठक, त्यात इंजिनिअर, वॉर्डाचे अधिकारी, संस्था सगळे समोरासमोर, कुठे जागा अडली, कुठे ड्रेनेज लाइन मिळत नाही, तिथल्या तिथे निर्णय. चारशेच्या वर ब्लॉक आणि दहा हजारांच्या वर सीट उभ्या राहिल्या, त्याच्या आधीच्या तीस वर्षांत झाले नव्हते तेवढे. लहान मुलांसाठी वेगळे संडास, केअरटेकरची खोली, हात-पाय धुवायला पाणी, या गोष्टी वस्तीतल्या बायकांना विचारल्यामुळे आल्या. यात संस्था महापालिकेच्या बाहेर नव्हत्या आणि महापालिकेने हातही झटकले नव्हते. काही ब्लॉक पुढे बिघडले, तेही खरं, कारण आयुक्त बदलला की आठवड्याची बैठक बंद होते. एका माणसाच्या जोरावर झालेलं काम खात्याच्या सवयीत उतरलं नाही तर असंच होणार, आणि मला वाटतं खरा धडा तोच आहे.

मुंबईतही वर्ल्ड बँकेच्या मदतीने जो सांडपाण्याचा प्रकल्प झाला त्याच्यात स्लम सॅनिटेशन प्रोग्राम होता. वस्तीने आधी संघटना करायची, मोठ्या माणसामागे १०० रुपये, घरामागे जास्तीत जास्त ५०० भरायचे, मग महापालिका बांधून देणार आणि चालवणार वस्तीची संघटना. तीनशेच्या वर ब्लॉक झाले. जिथे संघटना खरी होती तिथे ते आजही आधीच्या म्हाडाच्या मोडक्या ब्लॉकपेक्षा बरे आहेत, आणि जिथे संघटना म्हणजे स्थानिक दादाचा संडासचे पास छापायचा धंदा झाला तिथे महापालिकेने लक्षच दिलं नाही. चालवायला दिलं म्हणजे आपली जबाबदारी संपली हा समज वॉर्ड ऑफिसमध्ये पक्का आहे. लोकांनी चालवावं यात मला काही चुकीचं वाटत नाही, पण टाकी फुटली, स्लॅब कोसळायला आला तर पाच-पाच रुपये गोळा करणाऱ्या संघटनेने लाखोंचं काम करायचं? इमारतीतल्या माणसाच्या मैल्याची लाइन महापालिका सांभाळते आणि झोपडपट्टीतल्या माणसाने मात्र प्रत्येक वेळी पैसे देऊन जायचं आणि वर दुरुस्तीही करायची, हा कुठला न्याय.

आता शेल्टर असोसिएट्सचंच पुढचं काम घ्या. घरोघरी संडास, म्हणजे लाइनीत उभं राहायचा प्रश्नच मिटला. ते वस्तीचा नकाशा करतात, जीआयएसवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशावर प्रत्येक घर, प्रत्येक ड्रेनेज लाइन टाकतात, कुठल्या घराला लाइन जोडता येईल ते काढतात, सामान देतात, मजुरीचा खर्च घरवाला करतो. पुणे, सांगली, कोल्हापूर इथे असं काम झालंय. पण यातही जिथे महापालिकेने ड्रेनेजची लाइन टाकली तिथेच घरातला संडास शक्य झाला. संस्थेने केलेल्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मते तो नकाशा आहे, कारण बऱ्याच महापालिकांकडे स्वतःच्या वस्त्यांचा धड नकाशा नसतो, आणि नकाशाच नसेल तर बजेट कशावर टाकणार.

लोक म्हणतील पैसा कुठाय. मुंबईपुरतं तर हे कोणी बोलूच नये, २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं, छोट्या राज्यांएवढं. लहान नगरपरिषदांचा मात्र खरा प्रश्न आहे. तिथे पाणीपुरवठ्याला एखादाच इंजिनिअर, तोच रस्ते बघतो, तोच स्ट्रीट लाइट बघतो. योजना मंजूर होते, ठेकेदार पाइप टाकून जातो आणि मग पंपाचं वीजबिल थकतं. ग्रामीण भागात नळजोडणीचे आकडे जोरात वाढले, जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाल्यापासून बरंच काम झालं हे मान्य करायलाच पाहिजे, पण नळ बसवणं आणि नळाला रोज पाणी येणं यात मोठं अंतर आहे, आणि ते भरून काढायला निधी देणारं कोणी पटकन पुढे येत नाही कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

कराडशेजारच्या मलकापूरने हे करून दाखवलंय. तीस हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, तेव्हा नगरपंचायत, मोठी महापालिका पण नाही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या इंजिनिअरांच्या मदतीने चोवीस तास पाणी सुरू केलं. प्रत्येक नळाला मीटर, जेवढं जास्त वापराल तेवढा वरच्या टप्प्याचा दर, त्यामुळे कमी वापरणाऱ्या गरीब घराला बिल कमी. चोवीस तास पाणी असलं की घरात साठवून ठेवायला लागत नाही, मोटर लावून दुसऱ्याचं पाणी ओढायला लागत नाही, पहाटे चारला उठायला लागत नाही. कोणी बाहेरची कंपनी आली नाही, राज्य सरकारच्याच एका खात्याने आपल्याच एका नगरपंचायतीला हात दिला. ओडिशातही पुरी शहरात २०२१ पासून नळाचं पाणी सरळ पिता येतं, वस्त्यांमध्येसुद्धा, आणि तिथे बचत गटातल्या बायका जलसाथी म्हणून मीटर बघतात, पाणी तपासतात, बिल गोळा करतात. पाणी पुरवणारी कंपनी सरकारीच आहे.

बाहेरच्या देशाचं एकच सांगतो, कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. देश युद्धातून उठत होता, १९९३ मध्ये ‘एक सोन चान’ (‘एक’ हा नावाचाच भाग) हे तिथल्या पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले तेव्हा ७२ टक्के पाणी गळती आणि चोरीत जात होतं. जपान, फ्रान्स, वर्ल्ड बँक, एशियन डेव्हलपमेंट बँक सगळ्यांनी पैसा आणि तंत्रज्ञान दिलं, पण ते दिलं सरकारी पाणी संस्थेच्याच हातात, तिच्याच माणसांना शिकवलं. मीटर बसले, बिल बुडवणाऱ्या मोठ्या लोकांचंही कनेक्शन तोडलं, अगदी लष्करातल्या बड्या अधिकाऱ्याचंसुद्धा, आणि गरीब घरांना जोडणीचा खर्च हप्त्याने किंवा सवलतीने दिला. गळती सहा टक्क्यांच्या आसपास आली. २००६ ला सोन चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मुंबईत अधिकृत आकड्यांप्रमाणेच चौथ्या हिश्श्याहून जास्त पाणी गळती-चोरीत जातं, तेवढं वाचलं तरी वस्त्यांना ४५ लिटरवर ठेवायचं कारण उरत नाही.

काही लोक म्हणतात नळ दिला की अतिक्रमण वाढेल. मला हे पटत नाही. लोक मुंबईत कामासाठी येतात, नळासाठी येत नाहीत, आणि पाणी बंद ठेवून एकही वस्ती उठलेली नाही, उलट पाणी माफिया तेवढे पोसले गेले. शिवाय जुलाब, कावीळ, टायफॉइड वस्तीची हद्द बघून थांबत नाहीत, त्याच वस्तीतल्या ताई आपल्या घरी स्वयंपाक करतात.

भ्रष्टाचाराचं काय, हाही प्रश्न बरोबरच आहे. आहे भ्रष्टाचार, मी नाकारत नाही. पण त्याच्यावर उपाय म्हणून काम बाहेर काढलं की तो जात नाही, फक्त माहितीच्या अधिकारात विचारता येत नाही एवढाच फरक पडतो. महापालिकेला आपण प्रश्न विचारू शकतो, नगरसेवकाला पाडू शकतो. म्हणूनच मार्च २०२२ ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षं निवडणूक न घेता प्रशासकावर शहर चालवलं गेलं त्याचा मला मनापासून राग आहे. नळाला पाणी आलं नाही तर वस्तीतली बाई पहिली नगरसेवकाच्या ऑफिसला जाते, ते ऑफिसच बंद केलं तर ती आयुक्तांपर्यंत कशी पोचणार. ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणी, मलनिस्सारण, झोपडपट्टी सुधारणा ही कामं शहरांच्या यादीत टाकली, ती निवडून आलेल्या लोकांनी करायची म्हणून.

आणि एक गोष्ट आपण सगळ्यांनी मान्य करायला पाहिजे, पाणीपट्टी. मुंबईत घरगुती पाणी हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत मिळतं. दर वाढवायचं नाव काढलं की सगळे पक्ष रस्त्यावर, गरिबांच्या नावाने. पण ज्याला नळच नाही त्याला स्वस्त दराचा काय उपयोग, स्वस्ताईचा फायदा होतो तो टाकीवाल्या इमारतीला, म्हणजे आपल्याला. गरजेपुरतं पाणी सगळ्यांना स्वस्त ठेवा, त्याच्यावरचं आपण नीट दराने घेऊ आणि तो पैसा वस्त्यांच्या लाइन, पंप आणि माणसं यासाठी वेगळा ठेवायला लावू. ही मागणी इमारतीत राहणाऱ्यांकडून आली तर कुठलाच पक्ष गरिबांचं नाव पुढे करू शकणार नाही.

टाकी उपसणाऱ्या माणसाबद्दल शेवटी लिहितोय, खरं तर आधी लिहायला हवं होतं. २०१३ चा कायदा आहे, हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने २०१४ ला गटारात मृत्यू झाला तर १० लाख आणि २०२३ ला ते वाढवून ३० लाख भरपाई सांगितली. तरी दरवर्षी बातम्या येतातच, आणि मेलेला माणूस बहुतेक वेळा खासगी ठेकेदाराचा असतो, ज्याला ना बूट ना मास्क ना हजेरी. आपण जितके संडास बांधू तितक्या टाक्या भरणार आहेत. त्या वेळेवर, मशीनने आणि कायम नोकरीतल्या प्रशिक्षित माणसांकडून उपसायची सोय महापालिकेकडे आहे की नाही, गाड्या किती, अरुंद गल्लीत जाणाऱ्या लहान गाड्या किती, हे तुमच्या वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. संडाससाठी देणगी द्यायला निघालेल्या प्रत्येक कंपनीनेही पहिला चेक लिहायच्या आधी हेच विचारावं, आणि उत्तर नाही आलं तर तो पैसा गाड्या घ्यायला आणि माणसं नेमायला महापालिकेकडेच द्यावा, त्यावर कंपनीचं नाव आलं नाही तरी चालेल.